नेसरीच्या विहिरीवरचा माणूस

प्रसेनजीतच्या मोबाइलमध्ये चार मिनिटांचा एक व्हिडिओ होता. तो त्यानं किती वेळा बघितला ते विचारू नका. मंगळवार पेठेतल्या माडीवरच्या खोलीत संध्याकाळी चहा ठेवायचा, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवायचा आणि व्हिडिओ लावायचा. चहा उतू जायचा. मग शेगडी पुसायची, आणि पुसता पुसता परत पहिल्यापासून लावायचा. पन्नाशी ओलांडलेला, टीव्ही-मिक्सरचे बोर्ड दुरुस्त करून पोट भरणारा, एरवी शहाणासुरता माणूस. पण या एका बाबतीत पार खुळा. आई गेल्यापासून त्याला नावं ठेवायलाही घरात कुणी नव्हतं, त्यामुळं खुळेपणा बिनबोभाट चालला होता.

व्हिडिओत महांतेश आण्णा होते. ज्यांच्या विहिरीवर मोटर आहे त्यांना आण्णा कोण हे सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगायला हवं. नेसरीचा माणूस. शेतीला वीज यायची रात्री-अपरात्री, आणि मोटर चालू करायला शेतकऱ्यानं अंधारात, साप-किरडू चुकवत विहिरीवर जायचं. आण्णांनी एक पेटी काढली. तिच्यात सिमकार्ड. घरात अंथरुणात पडल्या पडल्या तिला मिस्ड कॉल दिला की मोटर चालू, दुसरा दिला की बंद. नाव ठेवलं ‘हाक’. असल्या पेट्या बाजारात दुसऱ्याही होत्या, उगाच खोटं कशाला बोला. पण आण्णांसारखा पेटी घेऊन लोकांपुढं उभा राहणारा माणूस दुसरा नव्हता.

दरवर्षी दसऱ्याला, सकाळी अकरा वाजता, शाहूपुरीतल्या एका मंगल कार्यालयात नव्या पेटीचं लाँचिंग. दसराच का, तर संध्याकाळचं सीमोल्लंघन बघायला खेड्यापाड्यांची माणसं त्या दिवशी कोल्हापुरात येतातच. गारगोटीची, गडहिंग्लजची, आजऱ्याची माणसं जीपा भरभरून यायची. दीपप्रज्वलन नाही, हारतुरे नाहीत, प्रमुख पाहुणा नाही. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत, पायात करकरणारं कापशी पायताण, असे आण्णा एकटेच स्टेजवर यायचे आणि पहिलंच वाक्य टाकायचे, “पावणं, काल रात्री दोनला कोण कोण उठलं? हात वर करा.” आठशे हात वर. “आणि आपण झोपून बायकोला कुणी उठवलं?” हात खाली, आणि मागं बसलेल्या बायका हसून हसून बेजार.

मग मोठ्या पडद्यावर नेसरीची विहीर दिसायची. थेट, त्याच क्षणाची. हौदावर आलेला लोखंडी पाइप, कोरडा ठक्क. आण्णा खिशातनं साधा बटणांचा फोन काढायचे, नंबर लावायचे, कानाला धरायचे. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी इतकं शांत. आणि साठ मैलांवरच्या त्या पाइपातनं भसकन पाणी पडायचं! शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. मसालेभाताच्या वासानं माणसं उठायला लागली की आण्णा हात वर करायचे, “थांबा. बसा की! एक ऱ्हायलंच!” आणि टेबलाखालनं आणखी काहीतरी नवीन निघायचं. लोक पेटीसाठी येत होते की आण्णांसाठी, हे लोकांनाही सांगता आलं नसतं.

प्रसेनजीतच्या मोबाइलमधला तुकडा कुणीतरी मागच्या रांगेतनं काढलेला होता. मोठ्या पडद्यावर विहीर येणार इतक्यात तुकडा संपतो. खाली लोकांनी लिहिलेलं होतं, ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’, ‘मी होतो त्या हॉलमध्ये, नाद खुळा’. एकदा प्रसेनजीतनंही लिहिलं, ‘मी विहिरीवर होतो.’ जरा वेळ बघितलं आणि खोडून टाकलं.

कारण खरंच तो विहिरीवर होता. नऊ वर्षं, नऊ दसरे. कंपनीतला पहिला कामगार तो. पेटीतला एकूणएक बोर्ड त्याच्या हाताखालनं जायचा, म्हणून ऐन लाँचिंगला तो विहिरीवर लागायचा. मोटारीच्या खोलीत पेटीजवळ उभं राहायचं. कंपनीतला त्याचा दोस्त सयाजी हॉलमधून फोनवर सांगणार, ‘आता लावालेत’. कॉल आला नाही, पेटीनं दगा दिला, तर हातानं बटण दाबायचं. कॅमेऱ्यात यायचं नाही. आण्णांनी बजावलेलं, “सावलीबी दिसता कामा नये, पश्या.” तो चपलासुद्धा खोलीच्या आत काढायचा. त्यामुळं सगळ्या जिल्ह्यानं जे लाँचिंग बघितलं, ते प्रसेनजीतनं एकदाही हॉलमध्ये बसून बघितलं नव्हतं. आण्णांना मागचं बघत बसायचा तिटकारा, त्यामुळं शूटिंगच्या कॅसेटी कधी बाहेर निघाल्या नाहीत.

तालीम मात्र त्यानं बघितली होती. तालमीला आख्खा हॉल म्हणजे तोच. दसऱ्याआधी पंधरा दिवस आण्णा नेसरीला येऊन हौदाच्या काठावर उभे राहायचे आणि प्रसेनजीत पालथ्या बादलीवर बसायचा. “पावणं, काल रात्री दोनला कोण कोण उठलं?” प्रसेनजीत हात वर करायचा. “हसला न्हाईस.” “हसलो की आण्णा.” “तोंडानं हसलास. पोटातनं हसू यायला पायजे.” मग वाक्य बदलायचं, परत म्हणायचं, पुन्हा बदलायचं. कुठं कंटाळा आला ते त्याला विचारायचे आणि तो सांगेल ते खरंच कापायचे. दुपारी आण्णांच्या बायकोनं, गंगव्वावहिनींनी, दिलेला डबा उघडायचा, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि एकाच डब्यातनं दोघांनी खायचं. एकाच डब्यातनं. प्रसेनजीतनं हे घरी सांगितलं, तेव्हा त्याच्या आईनं, आक्काताईनं, हातातलं काम ठेवून परत विचारलं होतं, “एकाच डब्यातनं?”

त्या आक्काताईचं एकच मागणं होतं. दसरा म्हणजे तिच्या लेखी अशोक विजयादशमी. बाबासाहेबांनी धम्म दिला तो दिवस. पेठेतल्या बायका दोन दिवस आधी रेल्वेनं नागपूरला, दीक्षाभूमीला जायच्या. आक्काताईला पोराबरोबर जायचं होतं. “माझ्या पोराबरोबर एकदा. लई न्हाई मागालो.” आणि प्रसेनजीत दरवर्षी म्हणायचा, “पुढच्या वर्षी, आई. यंदा लाँचिंग हाय.” मग ती पांढरं लुगडं नेसून एकटी बिंदू चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला जाऊन यायची. लाँचिंग बंद झालं तोवर तिचे गुडघे गेले होते. चार वर्षांपूर्वी ती वारली. नागपूर राहिलं ते राहिलंच.

मग इतकं करून त्याला मिळालं काय? तर एक वाक्य. आणि ते वाक्य मिळालं बारा सालच्या दसऱ्याला.

त्या दिवशी आण्णांना स्टेजवर भरतं आलं. तालमीत नसलेली गोष्ट त्यांनी केली: पेटीचा नंबर मोठ्यानं वाचून दाखवला. “मी एकटा कशाला? तुम्हीच हाक मारा की!” आता कोल्हापूरच्या माणसाला मिस्ड कॉल द्यायला सांगितल्यावर तो काय थांबणार आहे? आठशे माणसांनी खिशातनं फोन काढले. आणि पेटीचा तर धर्मच तो, एका कॉलला चालू, दुसऱ्याला बंद. तिकडं विहिरीवर पेटी खटाखट खटाखट वाजायला लागली. मोटर घुर्र करून उठायची आणि आचके देऊन बसायची. सयाजीचा फोन लागेना, सगळं नेटवर्क कोंबलेलं. आणखी मिनिटभर असं चाललं असतं तर आठशे लोकांसमोर मोटर जळाली असती, आणि तिच्याबरोबर कंपनीही. प्रसेनजीतनं मेन स्विच खाली ओढला. पक्कड सापडेना, दातानं वायर सोलली. पेटी काढून बाजूला टाकली, स्टार्टर थेट जोडला, मेन वर केला आणि हिरवं बटण दाबलं. पाणी धो धो पडायला लागलं. तो खोलीत भिंतीला टेकून खाली बसला, तोंडात रबर आणि तांब्याची चव, आणि टाळ्या वाजल्या की शिव्या पडल्या हे कळायला काही मार्ग नाही.

रात्री त्यानं सयाजीला फोन लावला. “आण्णा काय म्हणालं?” सयाजी म्हणाला, “काय म्हणालं? अरे, तुझं नाव घेतलं मर्दा! स्टेजवर! म्हणालं, ‘या पेटीतला एकूणएक जोड आमच्या प्रसेनजीतच्या हातचा हाय.’ सगळा हॉल उभा ऱ्हायला.”

संपलं. त्या वाक्यावर माणूस तेरा वर्षं जगला. पुढचे तीन दसरे त्यावर त्यानं हसत हसत विहिरीवर काढले. आण्णांनी नंतर पेटी बदलली, ओळखीच्या नंबराशिवाय कुणाचं ऐकायचं नाही अशी केली, म्हणजे त्या दिवशी काय झालं ते त्यांना बरोबर कळलं होतं. पण तोंडानं ते कधी काही बोलले नाहीत. प्रसेनजीतलाही विचारावंसं वाटलं नाही. आठशे माणसांसमोर बोलून झाल्यावर परत एकट्याला काय सांगायचं? पुढं कंपनी पुण्याच्या कुणीतरी घेतली, पेटी बंद झाली, सगळं मोबाइलच्या पडद्यावर आलं. दोन वर्षांपूर्वी आण्णा गेले. आणि प्रसेनजीतकडं चार मिनिटांचा तुकडा राहिला, तोही ऐन वाक्याच्या आधी तुटलेला.

म्हणून यंदा दसऱ्याच्या आठ दिवस आधी आण्णांच्या मुलीचा, सौंदर्याचा, फोन आला तेव्हा तो हातातला बोर्ड तसाच टाकून उठला. “काका, आण्णांच्या कॅसेट सापडल्या. बारा सालची आख्खी हाय. दसऱ्याला त्याच हॉलमध्ये लावणार हाय, जुनी सगळी माणसं येणार. तुम्ही यायचंच.”

“आख्खी? शेवटापतोर?”

“शेवटापर्यंत. आभारासकट.”

आता वाक्य ऐकायला मिळणार! आण्णांच्या तोंडून, आण्णांच्या आवाजात. प्रसेनजीतनं तडक जाऊन पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला.

सयाजीला मात्र ही बातमी मानवली नाही. रंकाळ्याजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. प्रसेनजीत सांगत होता आणि तो कागदाचा गठ्ठा उगाचच सरळ करत होता. “कशाला जातोस? मेलेल्या माणसाचं काय बघायचं? त्यापरास चल, यंदा दोघं पन्हाळ्याला जाऊ. झुणका-भाकरी खाऊ.”

“खुळा हायस काय? माझं नाव हाय त्यात.”

“जुनी कॅसेट. आवाजबिवाज गेला असंल.”

“तू यायचंस. माझ्या शेजारी बसायचंस.” सयाजीनं मशिनचं झाकण उघडलं, बंद केलं आणि बरं म्हणाला.

दसऱ्याला हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं होती. आठशे खुर्च्यांच्या जागी पन्नास मांडलेल्या, त्यातल्याही मागच्या रिकाम्या. जुने डीलर, पेट्या पॅक करणाऱ्या दोघी बायका, शूटिंगवाला. सगळ्यांचे केस पांढरे झालेले, एकमेकांच्या पोटांवर विनोद चाललेले. गंगव्वावहिनी पुढं बसल्या होत्या. प्रसेनजीत दुसऱ्या रांगेत बसला, सयाजी शेजारी. सौंदर्यानं दिवे घालवले.

आणि पडद्यावर आण्णा आले. करकर करकर पायताण वाजलं. “पावणं, काल रात्री दोनला कोण कोण उठलं?” सभागृहातल्या पस्तीस माणसांनी न सांगता हात वर केले. पोटातनं हसू आलं. प्रसेनजीतला प्रत्येक वाक्य पाठ होतं. आण्णांच्या आधी अर्धा क्षण त्याचे ओठ हलत होते. कुठं थांबणार, कुठं बाही वर सारणार, कुठं खालच्या आवाजात बोलणार, सगळं त्या पालथ्या बादलीसमोर घडलेलं. आपण काय गमावलं ते त्याला आज कळत होतं. नऊ वर्षं साठ मैलांवर बसून हे सोडलं आपण! देवा रे, काय माणूस होता!

मग पडद्यातल्या पडद्यावर विहीर आली. कोरडा पाइप. आण्णा तिच्याकडं बोट करून म्हणाले, “ही माझी विहीर, नेसरीची. तिथं आत्ता कोण हाय?”

प्रसेनजीत पुढं सरकला. हे तालमीत नव्हतं.

“कुणीबी न्हाय!” आण्णा म्हणाले. “सगळी दसऱ्याला कोल्हापुरात. वाळकं कुत्रंबी न्हाय!” हॉल हसला. तेव्हाचे आठशे हसले आणि आत्ताचे पस्तीसही हसले. प्रसेनजीतही हसला, कारण आण्णा जिथं हसवायचे तिथं हसायची त्याला सवय होती. हसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की कुत्रंबी न्हाय म्हणजे तो नाही. पण ठीक आहे. खेळच तो. विहिरीवर माणूस आहे म्हणून सांगितलं तर पेटी कोण घेणार? त्यानं स्वतःला समजावलं. नाव पुढं असेल, पाणी पडल्यावर.

आण्णांनी नंबर वाचला. आठशे फोन निघाले. पडद्यावर पाइपातनं पाणी उडालं, थांबलं, परत उडालं, थांबलं. त्या वेळी खोलीत काय चाललं होतं ते सगळ्या हॉलमध्ये एका माणसाला माहीत होतं. आण्णा एक क्षण गप्प झाले. फक्त एक क्षण. तो क्षण प्रसेनजीतशिवाय कुणाला दिसला नसेल. आणि मग त्यांनी हात पसरले. “बघा! आठशे माणसं हाक मारालीत. त्ये म्हणालंय, ह्यात माझा धनी कोण? शोधालंय! थांबा, शोधू द्या!” लोक श्वास धरून बसले. प्रसेनजीतचे दात आवळले गेले. मेन खाली. वायर. मेन वर. बटण. पाणी भसकन आलं आणि पडतच राहिलं. आण्णा ओरडले, “सापडला धनी!”

हॉल फुटायचा बाकी राहिला. पडद्यावर लोक एकमेकांना उचलत होते. इथं गंगव्वावहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. आता. आता घेणार. प्रसेनजीतनं सयाजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. सयाजी खाली मान घालून आपल्या बोटांकडं बघत होता.

आण्णा पाण्याकडं बघत उभे राहिले आणि शांत आवाजात म्हणाले, “माणसानं तिथं असायची गरज संपली, पावणं.” परत टाळ्या. मग आभार आले. वीज मंडळाचे आले, हॉलवाल्याचे आले, मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे, जीपवाल्यांचे आले. गंगव्वावहिनींचे आले. प्रत्येक नावाआधी प्रसेनजीत ताठ होत होता आणि नावानंतर सैल पडत होता. माणसं उठायला लागली. “थांबा. बसा की! एक ऱ्हायलंच!” प्रसेनजीतनं डोळे मिटले. हेच ते. शेवटाला ठेवलं होतं तर.

टेबलाखालनं आण्णांनी विहीर कोरडी पडली की आपोआप मोटर बंद करणारं यंत्र काढलं, त्याची किंमत सांगितली, नमस्कार केला आणि कॅसेट संपली.

दिवे लागले. सौंदर्या स्टेजवर आली, डोळे लाल, चेहरा हसरा. दोघा-तिघांना तिनं बोलायला बोलावलं, आणि मग म्हणाली, “प्रसेनजीतकाका, तुम्ही सगळ्यात जुने. त्या दिवसाबद्दल तुम्हीच सांगा. पाणी थांबलं तेव्हा इथं हॉलमध्ये काय वाटलं हो तुम्हाला?”

प्रसेनजीत स्टेजवर गेला. माइक हातात आला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या स्टेजवर उभा होता. एक वाक्य बोललं असतं तरी पुरे होतं: मी विहिरीवर होतो, बाई, तुझ्या बापाचं पाणी मी सोडलं. खोटं नव्हतं त्यात काही. हक्काचं होतं. पुढच्या रांगेत गंगव्वावहिनी पदर तोंडाला लावून त्याच्याकडं बघत होत्या, आणि त्या पाण्याकडं बघून रडलेल्या डोळ्यांना आता काय सांगायचं ते त्याला सुचेना. पोरगी बापाच्या त्या एका क्षणावर खूश होती. तो क्षण तिच्या हातातनं काढून घेऊन याच्या हातात काय पडणार होतं?

“मी त्या दिवशी हॉलमध्ये नव्हतो,” तो म्हणाला. “आज पहिल्यांदा बघितलं. आण्णा लई चांगलं बोलायचं.” आणि माइक परत दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जशा कुणाच्याही बोलण्याला वाजवतात तशा.

जेवण न घेता तो बाहेर आला. पार्किंगमध्ये, टळटळीत दुपारी, सयाजी त्याच्या मागनं धापा टाकत आला. “पश्या, थांब. पश्या!”

“नाव न्हाई त्यात.”

“ऐक तर.”

“नाव न्हाई त्यात, सयाजी! कुत्रं हाय, आचारी हाय, मी न्हाई!” एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला. वॉचमन बघायला लागला. “तू कुठं ऐकलंस मग? सांग की! तू कुठं ऐकलंस?”

सयाजीनं गाडीच्या सीटवर हात टेकला. “कुठंच न्हाई. तू रात्री फोन केलास. दातानं वायर सोलली म्हणालास. मग इचारलंस, आण्णा काय म्हणालं. ‘काय न्हाई म्हणालं’ असं माझ्या तोंडातनं निघंना. तुला बरं वाटावं म्हणून बोललो. एवढंच.”

“निघायला पायजे होतं. निघालं असतं तर त्याच रात्री काम सोडून घरला आलो असतो.” प्रसेनजीतचा आवाज बसला. “पुढचं तीन दसरं माझ्याकडं होतं रे. आई तवा चालत होती. जिना एका दमात चढायची. तीन वेळा नागपूरला नेली असती तिला. मी काय मागितलंतं तुझ्याकडं? खरं सांगायचं होतंस.”

सयाजी चांगला सहा फुटी गडी, पण पोरासारखा नाक ओढत उभा. मग म्हणाला, “दुसऱ्या दिवशी खरं सांगायलाच आलतो तुझ्या घरला. आईशप्पथ. तू नेसरीवरनं अजून यायचा होतास. आक्काताई दारातच उभ्या. तुझ्या फोनवरनं त्यांना कळलंतं. मला आत घेतलं, पोहं टाकलं. म्हणाल्या, ‘तू तिथं होतास न्हवं? सांग. काय म्हणालं माझ्या पोराला? बसून नको सांगू, उभं राहून सांग. त्ये कसं म्हणालं तसं सांग.’ काय करणार होतो मी? उभा ऱ्हायलो आणि सांगितलं. बाह्या वर करून, आण्णांच्या आवाजात सांगितलं. संपल्यावर त्यांनी परत सांगायला लावलं. तीनदा सांगितलं पश्या. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. तिथनं फुडं मला खरं सांगायची वाटच ऱ्हायली न्हाई.”

त्या दसऱ्यानंतर आईनं नागपूरचं कधी काढलं नव्हतं. ‘जा बाबा, तिथं तुझं नाव घेत्यात’, एवढंच म्हणायची आणि डबा भरून द्यायची. ती रागावून गप्प झाली असं प्रसेनजीत इतकी वर्षं धरून चालला होता. हॉलमधनं पंगतीचा गलका येत होता, कुणीतरी जिलेबी वाढा म्हणून ओरडत होतं.

प्रसेनजीत म्हणाला, “सांग मग.”

“काय?”

“आईला सांगितलंस त्ये. तसंच.”

“हितं? पार्किंगमध्ये? माणसं बघालीत.”

“बघू देत.”

सयाजीनं इकडंतिकडं बघितलं. मग रुमालानं तोंड पुसलं, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, दोन स्कूटरच्या मधल्या जागेत ताठ उभा राहिला आणि हात पसरले. आवाज आण्णांचा यायला एक-दोन शब्द गेले, पण आला.

“पावणं! ह्या पेटीतला एकूणएक जोड आमच्या प्रसेनजीतच्या हातचा हाय. आक्काताईंचा प्रसेनजीत, मंगळवार पेठ. तो आज हितं न्हाई. तो तिकडं विहिरीवर हाय, म्हणून हितं पाणी दिसालंय. उभं ऱ्हावा सगळ्यांनी, त्याच्यासाठी टाळ्या वाजवा!” आणि सयाजी भर उन्हात एकटाच टाळ्या वाजवायला लागला, वाजवतच राहिला, हात लाल होईपर्यंत.

प्रसेनजीतनं स्कूटरचा आरसा घट्ट धरला होता. डोळ्यांतनं पाणी हनुवटीपर्यंत आलं ते त्यानं पुसलं नाही.

“परत सांग,” तो म्हणाला.